शंभर नव्हे, दहा लाख

नववी-दहावीच्या वहीत शोभेल असं एक गणित घेऊ. इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७० मिमी आहे आणि दट्ट्या त्यात ९० मिमी वर-खाली सरकतो. इंजिन किती सीसीचं? गाड्यांची आवड असणाऱ्यांनी हे आकडे लगेच ओळखले असतील. जुन्या ३५० सीसी बुलेटचेच आहेत ते. सूत्र तर पाठच असतं : पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. त्रिज्या ३५, तिचा वर्ग १,२२५, त्याला ३.१४१६ ने गुणलं की ३,८४८ आणि काही दशांश, आणि शेवटी ९० ने गुणलं की ३,४६,३६१ घन मिमी. इथवर एकही चूक नाही. पुढची पायरी अशी पडते : सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, १० मिमीचा १ सेंमी, म्हणून दहाने भागा. उत्तर ३४,६३६ सीसी. खाली दोन रेघा मारल्या जातात आणि वही मिटते.

३४,६३६ सीसी म्हणजे साडेचौतीस लिटरहून जास्त. डेअरीवर दुधाचे ४० लिटरचे कॅन असतात, जवळजवळ तेवढी पोकळी एका सिलिंडरात. असलं इंजिन दोन चाकांवर कोण बसवणार?

गंमत म्हणजे ज्या मुलीनं हे गणित सोडवलं तिला भूमिती कळलेली आहे. सूत्र बरोबर, व्यासाची त्रिज्या करायची आठवण ठेवली, गुणाकार चोख. शिकवणीला पाठवलं तर तिथं बहुधा तिला हेच सूत्र पुन्हा घोकायला लावतील, आणि अडचण जिथे आहे तिथे कुणाचं लक्ष जाणार नाही. अडचण आहे ती शेवटच्या भागाकारात. १० मिमीचा १ सेंमी हे लांबीचं नातं झालं. इथे लांबी नाही, घनफळ आहे.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असं खोकं डोळ्यांसमोर आणा. त्यात सेंटिमीटरभर बाजूचे ठोकळे रचायचे आहेत, शाळेच्या गणितपेटीत असतात तसे. तळाच्या एका कडेला शंभर ठोकळे लागले. एवढ्यानं तळ भरत नाही. अशा शंभर ओळी लागतील, म्हणजे नुसत्या तळाच्या थरातच दहा हजार ठोकळे. तेवढं झालं तरी खोकं सेंटिमीटरभरच भरलेलं असतं. असे शंभर थर चढवले की मग कुठे ते काठोकाठ भरतं. ठोकळे लागले दहा लाख. म्हणजे एका घनमीटरमध्ये शंभर नव्हे, दहा लाख घन सेंटिमीटर. शंभरने तीनदा गुणायचं, कारण दिशा तीन आहेत. क्षेत्रफळाला दोनदा, लांबीला एकदा. मिमीचे सेंमी करताना १० च्या जागी १० × १० × १०, म्हणजे हजार. आता ३,४६,३६१ ला हजाराने भागा : ३४६ सीसी. बुलेटच्या माहितीपत्रकात हाच आकडा असायचा.

ही चूक इतकी सर्रास का होते, याचं उत्तर मला दशमान पद्धतीच्या सोयीतच दिसतं. भारतात मापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-लिटर बाजारात आले. त्याआधीच्या पिढीला सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण अशी कोष्टकं घोकावी लागत. लांबीचं कोष्टक वेगळं, जमिनीचं वेगळं, धान्याच्या मापांचं आणखी वेगळं. डोक्याला ताप होताच, पण कोणी इंच-फुटांचं नातं गुंठ्यांना लावायला जात नसे. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, हे ज्यानं साखळी ओढून मोजलं त्याला वर्ग म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नव्हती. दशमान पद्धतीत मात्र सगळीकडे दहा-शंभर-हजारच. दशांशचिन्ह सरकवलं की झालं, अशी हाताला सवय लागते आणि किती घरं सरकवायचं याचा विचार मागे पडतो.

तीन मितींची ही समज आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) सुरुवातीलाच मापांची कोष्टकं आहेत. त्यांत धान्याच्या खारीची व्याख्या अशी येते : लांबी, रुंदी आणि जाडी प्रत्येकी एक हात असलेलं, बारा कडांचं माप. एका खारीचे सोळा द्रोण, द्रोणाचे चार आढक, आढकाचे चार प्रस्थ, प्रस्थाचे चार कुडव. म्हणजे खारीचे १,०२४ कुडव. आता हात २४ अंगुळांचा, म्हणून खारी २४ अंगुळांची नव्हे, तर २४ × २४ × २४ म्हणजे १३,८२४ घन अंगुळांची. कुडवाच्या वाट्याला साडेतेरा घन अंगुळं येतात. गृहपाठातली पायरी नेमकी हीच, फक्त साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीची. लांबीची मोजपट्टी आणि धान्याचं माप या दोन वेगळ्या जगांना त्या व्याख्येनं एका ठोकळ्यात बांधलं. कुडव हे नाव कोकणात आणि गोव्यात भात मोजताना पुढे शतकानुशतकं राहिलं, पण माप गावागणिक बदललं.

फ्रेंचांनी १७९५ साली तेच केलं. दहा सेंमी बाजूचा ठोकळा म्हणजे लिटर. गृहपाठ करणाऱ्यानं या ठोकळ्याशी दोस्ती करावी. त्यात हजार घन सेंमी मावतात, म्हणून १ मिलिलिटर आणि १ सीसी एकच. असे हजार ठोकळे एका घनमीटरमध्ये बसतात, म्हणून गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी म्हणजे एक घनमीटर. पाणी भरलं तर लिटरचं वजन एक किलो आणि टाकीतल्या पाण्याचं एक टन. ज्या मुलाला वाटतं की घनमीटरमध्ये शंभर घन सेंमी असतात, त्याला एवढंच विचारावं : मग गच्चीवरच्या टाकीत कपभर चहाएवढंच पाणी मावतं का रे? पुढचं तो स्वतःच दुरुस्त करतो.

लिटरचं लफडं एकदा झालंही आहे. १९०१ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं लिटरची व्याख्या ठोकळ्यावरून काढून पाण्यावर नेली : एक किलो शुद्ध पाणी सर्वांत दाट असताना जेवढी जागा व्यापतं ती. पण किलोचा प्रमाण ठोकळा पाण्याशी केसभर चुकलेला होता, त्यामुळे लिटर १,००० ऐवजी १,०००.०२८ घन सेंमीचा झाला. मिलिलिटर आणि सीसी यांच्यात दशलक्षात २८ भागांचा फरक पडला. दुधवाल्याला त्याचं काही नाही, प्रयोगशाळांना मात्र कटकट. १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द करून लिटर पुन्हा ठोकळ्यात बसवला.

एक बारकावा बरेच मार्गदर्शकही सांगत नाहीत. किलोलिटर म्हणजे हजार लिटर. मग घन किलोमीटर म्हणजे हजार घनमीटर का? नाही. लिटर हे आधीच घनफळाचं एकक आहे, तिथे ‘किलो’ एकदाच लागू होतो. घन किलोमीटरमध्ये मात्र किलोमीटर हा अख्खा शब्द तिन्ही दिशांना जातो, त्यामुळे १,००० × १,००० × १,०००, म्हणजे शंभर कोटी घनमीटर. कोयना धरणाची क्षमता जवळपास ३ घन किलोमीटर आहे. ज्यानं याचे ३,००० घनमीटर केले त्यानं कोयनेचा अख्खा शिवसागर जलाशय जवळपास एका ऑलिंपिक तरणतलावात ओतला म्हणायचा, कारण ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद, २ मीटर खोल तलावातच २,५०० घनमीटर पाणी असतं.

कोयनेचा आकडा आपण रोजच्या पेपरात असा वाचत नाही. तिथे असतं १०५.२५ टीएमसी. पावसाळ्यात हा शब्द महाराष्ट्रात चहाच्या टपरीवरही ऐकू येतो आणि रूपांतराचा सराव करायला याहून चांगली जागा नाही. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आपल्या भाषेत शंभर कोटी घनफूट. फूट म्हणजे नेमका ०.३०४८ मीटर. घनफुटासाठी ०.३०४८ ला तीनदा गुणायचं : ०.०२८३ घनमीटर, म्हणजे २८.३ लिटर. तेव्हा एक टीएमसी म्हणजे २,८३० कोटी लिटरच्या आसपास. शहरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. त्या हिशेबानं एका टीएमसीत पावणेसहा लाख लोकांची वर्षाची तहान भागते (गळती सोडून, ती धरली की आकडा कुठल्या कुठे घसरतो). कॅल्क्युलेटर २८.३१६८४६५९२ असं लांबलचक उत्तर देईल, पण धरणाचा साठाच जिथे दोन दशांशांपर्यंत सांगतात तिथे एवढे अंक उतरवण्यात अर्थ नाही.

आता बातमी येते की धरणातून २० हजार क्युसेकनं पाणी सोडलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसभरात किती टीएमसी गेलं? इथे गुणायचं की भागायचं हा प्रश्न मुलांना छळतो आणि बहुतेकजण नाणेफेकीच्या भरवशावर असतात. त्यावरचा उपाय जुना आणि अगदी साधा आहे : एकक हेही आकड्यासारखंच गुणाकारात लिहायचं, वर-खाली सारखं आलं की खोडायचं. वहीत ते असं दिसतं :

२०,००० घनफूट / सेकंद × ३,६०० सेकंद / तास × २४ तास / दिवस

सेकंद वरही आहे, खालीही आहे. दोन्हींवर तिरकी रेघ. तासाचंही तसंच. उरतं घनफूट / दिवस आणि आकडा येतो १,७२,८०,००,०००. म्हणजे दिवसाला १.७३ टीएमसी. खडकवासला धरणाची क्षमता १.९७ टीएमसी आहे. वरून थेंबही आला नाही तर या वेगानं ते सव्वा दिवसाच्या आत रिकामं होईल. ३,६०० सेकंद आणि एक तास हे एकच असल्यामुळे ‘३,६०० सेकंद / तास’ या अपूर्णांकाची किंमत १ आहे. त्यानं गुणलं तरी पाणी वाढत नाही की कमी होत नाही, फक्त वेगळ्या शब्दांत सांगितलं जातं. आणि चुकून भागलंत तर खाली सेकंदांचा वर्ग साचतो. सेकंदाच्या वर्गामागे घनफूट असं काही धरणातून सुटत नाही, म्हणजे चूक वहीच बोलून दाखवते. मी तर म्हणेन, ज्या शिक्षकांनी मुलांना मधल्या पायऱ्यांत एककं लिहायची मुभा न देता फक्त उत्तराशेजारी ‘एकक लिहा, अर्धा गुण’ असं शिकवलं, त्यांनी मुलांचं फार नुकसान केलं. शेवटी चिकटवलेलं एकक कुठलीच चूक पकडत नाही.

घनफळाच्या गणितात मात्र याहूनही सोपी एक वाट आहे. लांबी, रुंदी, उंची जशा दिल्या तशा गुणत बसू नका. आधी तिन्ही हव्या त्या एककात आणा आणि मग गुणा. सिलिंडरची त्रिज्या ३.५ सेंमी, उंची ९ सेंमी : ३.१४१६ × १२.२५ × ९ = ३४६. हजाराने भागायचा प्रश्नच उरला नाही. गणितात एक बाजू फुटांत आणि दुसरी इंचांत दिली असेल तर दुसरा मार्गच नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या वह्यांत अशी गणितं भरपूर असतात आणि वर गॅलन असतो. अमेरिकी गॅलन म्हणजे २३१ घन इंच, इंच म्हणजे २.५४ सेंमी. २.५४ चा घन १६.३८७, त्याला २३१ ने गुणलं की ३,७८५ घन सेंमी, म्हणजे ३.७८५ लिटर. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, तेव्हा पुस्तक कुठल्या देशात छापलंय ते आधी बघावं.

घनफळावरून वजनावर जायचं असेल तर मध्ये घनता येते आणि तिथे खरा घात होतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ मॉन्ट्रिऑलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधन दाखवणारी यंत्रणा बिघडलेली, म्हणून टाक्यांत पट्टी घालून मोजलं : ७,६८२ लिटर शिल्लक. प्रवासाला लागणार होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला १.७७ हा आकडा वापरला, जुन्या विमानांसाठी नेहमी वापरायचे तो. पण १.७७ हे लिटरमागे पौंड होते. कंपनीची ही नवी विमानं किलोवर चालणारी, आणि लिटरमागे किलो होतात ०.८०३. हिशेब असा झाला : ७,६८२ × १.७७ = १३,५९७, कमी पडतात ८,७०३, म्हणून भरा ४,९१७ लिटर. भरायला हवे होते वीस हजारांवर. टाकीत प्रत्यक्षात होतं दहा हजार किलोंच्या जरा वर, हवं त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. ४१ हजार फुटांवर असताना इंधनाच्या कमी दाबाचे इशारे वाजू लागले आणि थोड्या वेळानं दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना हौसेनं ग्लायडर उडवायची सवय होती. त्यांनी आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते अवजड विमान नुसतं तरंगवत मॅनिटोबातल्या गिमली इथल्या जुन्या हवाईतळावर उतरवलं. त्या धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यतीचा दिवस चालला होता. कोणाचाही जीव गेला नाही.

या हिशेबात गुणाकार, वजाबाकी, भागाकार सगळं बरोबर आहे. दोन गोष्टी राहिल्या. १.७७ पुढे ‘पौंड / लिटर’ एवढं कोणी लिहिलं असतं तर लिटर खोडून पौंड उरलं असतं आणि किलोतून ते वजा करताना हात थांबला असता. दुसरी गोष्ट अंदाजाची. विमानाचं इंधन रॉकेलच्या जातीचं, पाण्यावर तरंगणारं. पाण्याचा लिटर एक किलोचा, मग त्यावर तरंगणाऱ्या इंधनाचा लिटर पावणेदोन किलोचा कसा असेल?

अभ्यासाला मदत करायला बसलेल्या आईनं किंवा दादानं हेच दोन प्रश्न हाताशी ठेवावेत. ‘कोणतं एकक खोडलंस?’ आणि ‘उत्तर साधारण केवढं यायला हवं?’ उत्तर काढून देण्यापेक्षा हे कष्टाचं आहे, खरं आहे, आणि पहिल्या चार गणितांना वेळही लागतो. फोन मदतीला असतोच. पण फोनला ‘मीटरचे सेंटिमीटर’ विचारलं तर तो शंभर सांगणार, आणि तो शंभर घनमीटरला लावायची चूक मूल फोन हातात घेऊनही करतं.

तापमानात तर फोनचं बरोबर उत्तरच फसवतं, कारण सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचं शून्य एका जागी नाही. तिथे नुसता गुणाकार चालत नाही : १.८ ने गुणून त्यात ३२ मिळवावे लागतात. ३७ अंश सेल्सिअस म्हणजे ९८.६ फॅरनहाइट हे तापाच्या थर्मामीटरमुळे घरोघरी माहीत आहे. पण गणितात ‘पाण्याचं तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं’ असं असेल आणि फोनला १० सेल्सिअसचे फॅरनहाइट विचारले तर तो ५० म्हणेल. ते १० अंशांवर असलेल्या पाण्याचं तापमान झालं, वाढ नव्हे. पाणी २० वरून ३० वर गेलं, म्हणजे ६८ वरून ८६ वर. वाढ झाली १८ ची. ३२ दोन्हीकडे होते, वजाबाकीत उडाले.